मागची सीट नसलेली गाडी

रविवार, २ मार्च

शुद्धलेखन चुकेल, माफ करा. टायपिंग पण हळू आहे. एका बोटाने चाललंय, आणि 'ष' सापडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरायला होतं. हे कोणी वाचणार नाहीये तरी मी माफी मागतेय. सवयच आहे. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायच्या आधी माझ्या तोंडात सॉरी यायचं.

हा कॉम्प्युटर बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून आलाय. तिथे नवीन घेतला म्हणून मालकीणबाईंनी जुना देऊन टाकला. बाबा म्हणाले, "बोलवत नाही ना तुला, मग लिहीत जा. सगळं आतल्या आत ठेवू नये."

तर लिहिते. बाबांनी आपली मोठी गाडी विकली आणि दोन सीटची गाडी आणली. दोनच सीट. मागे काही नाही, मागे लगेच डिकी आणि डिकीत माझी शिवणाची दोन गाठोडी ठेवली की झाकण लागत नाही. रंग पांढरा, नाक बोथट. आईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "हे खोडरबर कोणाचं?" बाबा म्हणाले आपलं. आईने परत एकदा खाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "अहो, घरात माणसं तीन. गाडीला खुर्च्या दोन. गणिताला कोण होतं तुम्हाला?"

बाबांनी कारणं सांगितली. पार्किंगला कुठेही घुसते, पेट्रोल कमी पिते, गल्लीत वळते. मोठी गाडी म्हणजे नुसत्या रिकाम्या खुर्च्या फिरवणं. आई म्हणाली, "त्या रिकाम्या खुर्चीत मी बसायचे."

खालचा चपलावाला विचारत होता, मास्तर, एकच बूट आणलात, दुसरा पाय उद्या येणार का?


मंगळवार, ४ मार्च

मला ती गाडी आवडत नाही. हे बाबांना सांगितलं नाही.

मोठ्या गाडीत मी मागे बसायचे. मागे आडवं होता यायचं, कोणी ओळखीचं दिसलं की खाली वाकलं की झालं. शाळा सोडल्यापासून मला ओळखीचे लोक नको असतात. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मग आता काय करतेस?" मी कपडे आल्टर करते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, ब्लाउजची फिटिंग. ड्रायक्लीनरचं दुकान आहे ते काम देतं. वाईट काम नाही, पण "मग आता काय करतेस" ला उत्तर देताना माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत धडा वाचायला उभं केलं की असंच व्हायचं. पोरं मला म्यूट म्हणायची.

या गाडीत मात्र बाबांच्या शेजारी पुढेच बसायचं. काच पण केवढी मोठी. दुकानाच्या शोकेसमध्ये बसल्यासारखं वाटतं. सिग्नलला बसमधले लोक वरून बघतात आणि हसतात. एका माणसाने फोटो काढला.

आणि बाबा मला रोज घेऊन जातात. कामाला नाही, कामाच्या आधी आणि नंतर. बाजारात, ड्रायक्लीनरकडे, पेट्रोल भरायला सुद्धा. "चल, हवा खाऊन येऊ." मी नाही म्हटलं तर स्वतः पण जात नाहीत, चप्पल काढून बसतात. मला माहितीये का ते. घरात बसून पोरगी गंजेल म्हणून. त्यांना माझी दया येते, आणि दया आलेली कळली की अजून लाज वाटते.


शनिवार, ८ मार्च

आज एक चांगली गोष्ट लिहिते.

बाबांची शिकवायची एक पद्धत आहे. त्यांच्याकडे शिकणाऱ्याने गाडी चालवताना दिसतं ते सगळं मोठ्याने बोलायचं. "पुढे सायकल. उजवीकडे बाई मुलाला घेऊन उभी आहे. सिग्नल पिवळा. डावीकडून कुत्रा." बोललं की डोळे झोपत नाहीत असं ते म्हणतात. पूर्वी पहिले काही दिवसच बोलायला लावायचे, हल्ली परीक्षेच्या दिवसापर्यंत लावतात. म्हणून त्यांना गावात रेडिओमास्तर म्हणतात. त्यांच्या एका विद्यार्थिनीने लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना पण "समोर सासूबाई" असं म्हटलं होतं म्हणे. हे मालकीणबाई सगळ्यांना सांगतात, खरं की खोटं माहीत नाही.

तर आमचं पण तसंच. वळणावर किंवा गल्लीतून बाहेर पडताना बाबा विचारतात, "तुझ्या बाजूने?" मी बघते आणि म्हणते, "मोकळं." किंवा "थांबा." एवढंच. दिवसभरात मी जेवढं बोलते त्यात सगळ्यात सरळ निघणारे शब्द हेच. आज तर गोल चौकात मी इतक्या पटकन "थांबा" म्हटलं की बाबांनी ब्रेक मारला आणि समोरून एक मोटरसायकल सर्रकन गेली. बाबांनी आधी चौक पार केला. मग म्हणाले, "शाब्बास. तुझ्यासारखी नजर पाहिजे." घरी येईपर्यंत मी काचेत माझंच तोंड बघत होते.

आई म्हणते ही गाडी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मोठी विकायला नको होती. मोठीला काय झालं होतं, नुसती एका बाजूने घासली होती. दोन-तीनदा घासली, सारखी त्याच बाजूने. बाबा म्हणाले बिल्डिंगचा खांबच चुकीच्या जागी बांधलाय.


गुरुवार, १३ मार्च

फारसं काही नाही. बाबांनी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि आईवर ओरडले की कप इथे कोणी ठेवला. आई म्हणाली, "कपाने स्वतःहून चालत येऊन तुमची माफी मागितली तर चालेल का?"

बाबा हल्ली थकतात. दाढी करताना एका गालावर पट्टा राहतो. मी सांगत नाही, लाजतील.


शुक्रवार, १४ मार्च

आज लिहिणार नाही.


शनिवार, १५ मार्च

लिहितेच.

काल ड्रायक्लीनरकडून परत येत होतो. पोहण्याच्या तलावाजवळचा कोपरा आहे तिथे आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते. तलावातून माझ्या वर्गातल्या मुली बाहेर पडत होत्या. चौघी. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हसत होत्या. त्यातली एक माझी मैत्रीण होती पूर्वी. त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. मला वाटलं आता त्या आत बघणार.

मागे जायला जागा नव्हती. मी खाली वाकले, बुटाची नाडी बांधायला. माझ्या बुटाला नाडी नाहीये.

बाबांनी विचारलं, "तुझ्या बाजूने?"

मी वाकलेलीच होते. मी म्हटलं, "मोकळं."

मग धप्प आवाज आला. जोरात नाही, गादी पडल्यासारखा. आणि समोरच्या काचेवर साबणाचं पाणी आलं, सगळं पांढरं झालं. मला वाटलं पाऊस. दुकानांच्या काचा पुसणारा माणूस होता, बादली घेऊन रस्ता ओलांडत होता. तो रस्त्यावर बसला होता, एका हातात दुसरं मनगट धरून. शिडी आडवी.

बाबा उतरले. गुडघ्यावर बसले त्याच्याजवळ. लोक जमले. बाबा प्रत्येकाला म्हणत होते, "माझी चूक. माझी चूक आहे." पोलीस आला त्यालाही तेच. तो लिहून घेत होता. मी गाडीत होते. काचेवरून फेस खाली उतरत होता आणि पलीकडे त्या चौघी दिसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, ही म्यूट."

मी काही बोलले नाही. बाबांना नाही, पोलिसाला नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, "तू बघितलंस का काय झालं?" मी मान हलवली. नाही.

हे तर खरंच आहे, मी बघितलंच नाही.


सोमवार, १७ मार्च

आई दवाखान्याच्या लाँड्रीत काम करते, म्हणून तिला कळलं काचा पुसणारा कुठल्या वॉर्डात आहे. मला पण घेऊन गेली. मी आईच्या मागे मागे राहिले.

तो उशीला टेकून बसला होता. प्लास्टर कोपरापर्यंत. आई हात जोडून म्हणाली, आमच्या ह्यांच्याकडून फार मोठी चूक झाली.

"ताई, हाड मोडलं त्याचं नाही काही," तो म्हणाला. "जुळेल. पण लोक विचारतात कशाने उडवलं, आणि मला त्या गाडीचं वर्णन करायला लागतं. ट्रक असता तर चार माणसांत मान राहिली असती."

आईला हसू आलं. मला नाही. त्याचं सगळं काम हाताचं. शिडीवर चढून एका हाताने धरायचं आणि एकाने पुसायचं.

मग तो म्हणाला, "एक मात्र कळलं नाही. मास्तर माझ्याकडेच बघत होते. तोंड माझ्याच बाजूला वळलेलं. मी हात पण केला, थांबा म्हणून. म्हणूनच उतरलो ना मी फुटपाथवरून. नाहीतर मी काय पहिल्यांदा रस्ता ओलांडतोय?"

आईचं हसू थांबलं. "नक्की बघत होते?"

"तुम्ही आता बघताय तसे."

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. बस सुटली तशी माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीबाहेर. तिला कळलंय. माझंच कळलंय तिला, दुसरं काय असणार. बाबा बघत होते आणि तरी गाडी पुढे घेतली, म्हणजे त्यांनी माझ्या शब्दावर घेतली. समोर माणूस दिसत असून सुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला. यापेक्षा वाईट काय असतं मला माहीत नाही.


बुधवार, १९ मार्च

बाबांचं कामच जाईल असं दिसतंय.

मालकीणबाई काल घरी आल्या होत्या. त्या आणि बाबा फार जुने, मी जन्मायच्या आधीपासून एकत्र शिकवतात. त्या म्हणाल्या, शिकवणाऱ्याच्या हातून अपघात झाला की लायसन्सवाले चौकशी करतात. निष्काळजीपणा असं लिहिलं की शिकवायचं लायसन्स गेलं, परत मिळत नाही. तोपर्यंत त्या बाबांना कामावर ठेवतायत, पण पालक फोन करून विचारायला लागलेत.

"काय झालं ते नीट सांगा मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही अशी माणसं उडवत नाही."

"सांगितलं ना. लक्ष नव्हतं."

"तुमचं? लक्ष नव्हतं?"

"बाई, माझी चूक आहे. किती वेळा म्हणू?"

त्या गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा." बाबा म्हणाले, "माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. सुईत दोरा मी ओवून देतो हिला." ते खरं आहे. देतात.

म्हणजे आईला बाबांवरच राग आहे. मला ती काही म्हणत नाहीये.


शुक्रवार, २१ मार्च

आज ठरवलं होतं की बाबांना सांगायचं. सकाळी ते बूट पॉलिश करत होते तेव्हा जवळ जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "अशी या बाजूला ये, उजेड अडतो." मी दुसऱ्या बाजूला गेले.

"बाबा, त्या दिवशी."

"काय त्या दिवशी."

"मी मोकळं म्हटलं होतं."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. त्यांचं तोंड असं झालं की मला वाटलं रडतात. मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "ते कोणाला सांगायचं नाही. तू मला काय म्हणतेस, मी तुला काय विचारतो, हे आपल्या गाडीतलं आहे. कोणाला नाही. आईला पण नाही. कळलं?"

मी मान हलवली.

मला वाचवतायत. स्वतःचं लायसन्स जाऊ देतील पण माझं नाव येऊ देणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर असं केलं नसतं. मी खाली वाकले असते.


मंगळवार, २५ मार्च

आज मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त बोलले. बोट दुखेपर्यंत लिहिणार आहे.

मी मालकीणबाईंकडे गेले. एकटी, बसने. आईला सांगितलं दोरे आणायला जाते. बसमध्ये वाक्य पाठ करत होते, "चूक बाबांची नाही, माझी आहे." ऑफिसात पोचले तर त्या फोनवर होत्या, हाताने बस म्हणाल्या. भिंतीवर चौकातल्या खुणांचा तक्ता आहे. तो मी तीनदा वाचला. त्यांनी फोन ठेवला आणि विचारलं, "काय गं, बाबांनी पाठवलं?"

माझं वाक्य गेलं. पूर्ण गेलं. त्या वाट बघत राहिल्या. शाळेत अशा वेळी बाई म्हणायच्या बस खाली, पुढची. या काही म्हणाल्या नाहीत. टेबलावरचं पेपरवेट इकडून तिकडे सरकवत बसल्या.

मग मी बोलले. नाडीचं सांगितलं. नाडी नव्हती ते पण सांगितलं. बाबांनी विचारलं आणि मी न बघता मोकळं म्हटलं. "त्यांनी विचारलं होतं. त्यांची काही चूक नाही. ते खूप काळजी घेतात, प्रत्येक वळणावर विचारतात."

"प्रत्येक वळणावर?"

"हो. एक पण सोडत नाहीत."

"काय विचारतात?"

"तुझ्या बाजूने? म्हणून."

"आणि त्यांच्या बाजूचं?"

"ते त्यांचं ते बघतात. फक्त माझ्या बाजूचं मी."

त्यांनी पेपरवेट सोडलं. "कधीपासून असं?"

मी म्हटलं मोठ्या गाडीत पण मागे बसलेल्या मला विचारायचे कधीकधी, पण मी मागे आडवी असायचे म्हणून नीट जमायचं नाही. आता छोट्या गाडीत मी शेजारीच असते म्हणून चांगलं जमतं. हे मी गाडीची बाजू घ्यायला सांगितलं. सगळे तिला नावं ठेवतात म्हणून.

"आणि तू बरोबर नसलीस तर?"

"मग ते गाडी काढतच नाहीत," मी म्हटलं. "इतके काळजीवाले आहेत."

मालकीणबाईंनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात ठेवला. मला पाणी दिलं. मग बराच वेळ खिडकीजवळ उभ्या होत्या. खाली आपली स्कूलची गाडी गेटमधून बाहेर पडत होती, बाबा शेजारच्या सीटवर, आणि काच उघडी होती म्हणून शिकणाऱ्या मुलाचा आवाज वर येत होता, "फुटपाथवर आजोबा, पुढे खड्डा, बाजूला सायकल." नेहमीसारखं. मालकीणबाईंनी खिडकीतून हात हलवून ओरडून गाडी थांबवली आणि परत आत घ्यायला सांगितली.

मला म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. खूप बरं केलंस. आता घरी जा."

मी बसने न जाता चालत आले. चक्क गुणगुणत होते. आता चौकशीत सगळं नीट लिहितील. बाबांचं काम वाचलं. मला जे काय म्हणायचं ते म्हणोत लोक.


बुधवार, २६ मार्च

मालकीणबाई संध्याकाळी आल्या. आई, बाबा आणि त्या स्वयंपाकघरात होते, दार लावून. मी बाहेर बसले होते पँटला टीप घालत.

आतून त्यांचा आवाज आला. "माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच. किती बोटं?"

बाबा काही बोलले नाहीत.

"आता?"

नाही.

"आता?"

मग बाबा म्हणाले, "तुम्ही हात वर केलाय का?"

आईचा आवाज ऐकू आला. रडण्याचा नाही. ओटा दोन्ही हातांनी धरल्यावर माणूस करतो तसा.

मालकीणबाई जाताना स्कूलच्या गाडीची चावी घेऊन गेल्या. बाबा दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं, आणि मला तेव्हा दिसलं की ते तोंड थोडं तिरकं करून बघतात, पक्ष्यासारखं, मला पूर्ण बघता यावं म्हणून. किती दिवस असं बघत असतील. मला वाटायचं प्रेमाने बघतात.


रविवार, ३० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्यातलं प्रेशर वाढून आतली नस खराब होते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. एका बाजूचं गेलंय ते परत येणार नाही. समोरचं चांगलं आहे म्हणून सुईत दोरा ओवता येतो. उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं. गाडी बंद, स्वतःची पण आणि शिकवायची पण.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. रागावले असते तर बरं होतं. नुसते बोलत नाहीत. मी चहा दिला की घेतात, कप नीट समोर ठेवते मी आता, आणि मी तसा ठेवला हे त्यांना कळतं आणि मान खाली घालतात.

मी वाचवायला गेले होते. हे मी कितीदा तरी टाईप केलं आणि खोडलं.

आई भांडी घासताना म्हणाली, "तू कशाला तोंड लपवतेस? लपवायचं तर मी. रोज शेजारी झोपते मी त्यांच्या. एका गालाला पट्टा राहायचा दाढीचा, मी म्हणायचे वेंधळे आहेत."

मी म्हटलं मला पण दिसायचा. पण सांगितला नाही.

"बघ मग," आई म्हणाली आणि पातेलं माझ्या हातात दिलं पुसायला.


शनिवार, ५ एप्रिल

काचा पुसणारा आला होता, हात गळ्यात. मालकीणबाईंनी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं भांडायला आला. तो बाबांच्या समोर बसला, नीट समोर, आणि म्हणाला, "मास्तर, म्हणजे तुम्ही मला बघितलंच नव्हतं. माझं डोकं शांत झालं. मला वाटत होतं तुम्ही बघून सुद्धा आलात, काय वैर आहे माझ्याशी."

बाबांनी त्याचे पाय धरायला हात पुढे केले. तो उठून उभा राहिला. "अहो, ते नको. एक हात गेलाय, तुम्ही वाकलात तर मला उचलता पण येणार नाही."

तो गेल्यावर आई म्हणाली गाडी विकू. बाबा म्हणाले विका. मालकीणबाई वर्गात शिकवायचं काम देतायत, खुणा, नियम, तक्ते. बाबा म्हणाले, "फळ्यावर गाडी चालवू?" आणि उठून गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला. पूर्वी पण लागायचा. मी म्हणायचे बाबा किती रुंद आहेत.


रविवार, १३ एप्रिल

आज गाडी बघायला लोक येणार होते, नवराबायको. फोनवर बाई विचारत होती, घेण्यासारखी आहे का खरं, का नुसतं खेळणं? फोन मी उचलला होता. मी म्हटलं, दोघांनाच जायचं असेल तर आहे. सामान मावत नाही. पाय पसरता येत नाहीत. आणि शेजारी बसलेल्याला काम असतं. ती हसली, म्हणाली म्हणजे काय. मी म्हटलं या, बघा.

फोन ठेवल्यावर कळलं की मी अनोळखी बाईशी एवढं बोलले.

बाबा सकाळीच खाली जाऊन गाडी धूत होते. मी बादली घेऊन गेले. त्यांनी सगळी धुतली, पुसली, मागे सरकून उभे राहिले. बॉनेटवर एका कडेला साबण तसाच होता, वाळून पांढरा पट्टा पडला होता. माझ्या हातात फडकं होतं. पुसून टाकता आलं असतं. त्यांना कळलं पण नसतं.

ते म्हणाले, "झाली ना?"

इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले होते. मला हो म्हणायचं होतं. खूप म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या त्या बाजूला राहिलंय."

त्यांनी मान वळवली, पूर्ण वळवली, आणि बघितलं. पट्टा दिसला त्यांना. फडकं मागितलं. पुसताना माझ्याकडे न बघता बोलले, म्हणून मला ऐकता आलं.

"तू एकदाच न बघता मोकळं म्हणालीस," ते म्हणाले. "मी रोज म्हणायचो. स्कूलच्या गाडीत पोरं बोलायची ना, सायकल, कुत्रा, आजोबा. ते बोलतायत तोवर मला वाटायचं मीच बघतोय. कोणाचं तरी पोर चाकाखाली आलं असतं गं." मग फडकं पिळलं. बराच वेळ पिळत होते, त्यात पाणी उरलं नव्हतं. "तू बोललीस ते बरं केलंस. मला राग नाही आला. मला तोंड दाखवता येत नव्हतं तुला."

मला काही बोलता आलं नाही. पण या वेळेला ते जीभ चिकटल्यामुळे नव्हतं.

नवराबायको आले, चक्कर मारून आले, विचार करून सांगतो म्हणाले. बाबांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, बंपर कुठे ठोकला ते पण, कोणाला ठोकला ते पण. मला वाटत नाही ते घेतील. बाबा वर आले आणि मालकीणबाईंना फोन लावून विचारत होते की वर्ग किती वाजता असतो आणि फळा मुलांच्या कुठल्या बाजूला आहे.

आत्ता हे लिहितेय तर आई धावत आली. मावशीचा फोन होता, आई म्हणते हा तर त्या गाडीपेक्षा मोठा वेडेपणा. मावशी लग्न करतेय, या वयात, पोहायला शिकवणाऱ्या माणसाशी. मावशीला पोहता येत नाही.